स्वस्तातला मॉइश्चर मीटर: कोणता घ्यावा, कसा तपासावा आणि त्याच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा

लाकूड विकणाऱ्याला विचारलं तर त्याचं लाकूड नेहमीच ‘एकदम सुकं’ असतं. जुना सुतार फळी उचलून, तिच्यावर टकटक करून बराचसा अंदाज बांधतो. नवख्याला ते जमत नाही, आणि अंदाज चुकलाय हेही लगेच कळत नाही. टेबल तयार होतं, पॉलिश होतं, खोलीत येऊन बसतं आणि काही महिन्यांनी दोन फळ्यांच्या सांध्यात फट डोकावू लागते. दार असेल तर ते चौकटीत अडकायला लागतं.

म्हणून लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारा मॉइश्चर मीटर घ्यायचा. पण दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलात की एकसारखी दिसणारी पन्नास यंत्रं समोर येतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर अचूकतेचे दावे असतात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: स्वस्त मीटरकडून अचूक आकड्याची अपेक्षा करू नका, सातत्याची करा. तो दर वेळी दोन टक्के जास्तच दाखवत असेल तर काही बिघडत नाही, तेवढे वजा करता येतात. आज दोन जास्त आणि उद्या तीन कमी दाखवणारा मीटर मात्र कवडीच्या कामाचा नाही. सातत्य आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येतं.

लागणारं सामान

- मॉइश्चर मीटर, जादा पिना आणि जादा सेल
- १ मेगाओमचा एक आणि १० मेगाओमचे दहा रेझिस्टर (रेझिस्टर म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा भाग, मेगाओम हे त्या रोधाचं माप; इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात)
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- तापमान धरून ठेवणारा ओव्हन, एका दिवसापुरता
- हवेतली आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र (हायग्रोमीटर)
- खडू किंवा पेन्सिल, आणि एक वही

वही गमतीने लिहिलेली नाही. पुढे तीच सगळ्यात जास्त लागते.

## १. तो टक्का कशाचा, हे आधी समजून घ्या

मीटरवर १२ दिसलं म्हणजे फळीच्या एकूण वजनात १२ टक्के पाणी, असं नाही. हा टक्का पूर्ण सुकवलेल्या लाकडाच्या वजनावर काढतात. लाकूड पूर्ण सुकल्यावर १०० ग्रॅम भरत असेल आणि आत्ता ११२ ग्रॅम असेल, तर ओलावा १२ टक्के. म्हणूनच ताज्या तोडलेल्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो.

लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं. ते जाताना लाकूड हलकं होतं, पण आखडत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि आखडणं, वाकणं, पिळणं, तडकणं हे सगळे उद्योग तिथून सुरू होतात. आपल्याला मोजायचा आहे तो हाच टप्पा.

हे किती महत्त्वाचं आहे ते सागवानावरून पाहा. सागवान तसं शहाणं लाकूड, कमी हलणारं. तरीही पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आखडतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने २.५ टक्के. म्हणजे आडव्या वलयांची, ३०० मिमी रुंदीची फळी १६ टक्क्यांना बसवली आणि ती खोलीत १० टक्क्यांवर आली, तर रुंदीत सुमारे साडेतीन मिमी कमी होते. एका फळीत साडेतीन मिमी! चार फळ्यांच्या टेबलाचा हिशेब तुम्हीच करा.

## २. पिनांचा की बिनपिनांचा?

पिनांच्या मीटरला दोन टोकदार सुया असतात. त्या लाकडात खुपसायच्या. मीटर त्यांच्यामधला विद्युतरोध मोजून त्याचं टक्क्यांत रूपांतर करतो. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, सुक्यातून जात नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. बिनपिनांच्या मीटरला पाठीमागे सपाट पट्टी असते. ती फळीवर टेकवायची, मग विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने तो ठरावीक खोलीपर्यंतचा ओलावा सांगतो.

बिनपिनांचा मीटर भोकं पाडत नाही आणि शंभर फळ्या झपाझप चाळता येतात. पण त्याला लाकडाची घनता सांगावी लागते. हलक्या लाकडाची सेटिंग ठेवून जड लाकूड मोजलंत तर आकडा वाढूनच येणार. रंधा न मारलेल्या खडबडीत किंवा वाकलेल्या फळीवर पट्टी नीट टेकत नाही. शिवाय यंत्र १९ मिमी खोल पाहत असेल आणि फळी १२ मिमीची असेल, तर ते खालचं टेबलही मोजतं. खाली लोखंडी पत्रा असेल तर विचारूच नका. पातळ फळी मोजताना ती दोन टोकांना टेकवून मधे हवेत धरायची.

कमी पैशांत पहिला मीटर घेणाऱ्याने पिनांचा घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. तो बिघडला तर ओळखता येतो, घरी तपासता येतो आणि फळीच्या आत डोकावता येतं. स्वस्तातल्या बिनपिनांच्या यंत्रांत घनता बदलायची सोय बऱ्याचदा नसते किंवा ‘कठीण’ आणि ‘मऊ’ अशा दोनच खाचा असतात. चांगला बिनपिनांचा मीटर उत्तम यंत्र आहे, पण तो स्वस्त नसतो.

## ३. खोक्यावरचं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं

दशांशाकडे बघू नका. ११.७ लिहून आलं म्हणजे यंत्राला ११.७ आणि ११.९ मधला फरक कळतो असं नाही. पडद्यावर जागा होती म्हणून आकडा छापला आहे. ‘अचूकता ±१ टक्का’ हा दावाही बहुतेक वेळा आतल्या सर्किटपुरता असतो. खऱ्या लाकडात, जात आणि तापमान सांभाळून, ±२ टक्के मिळाले तरी स्वस्त मीटरने आपलं काम चोख केलं असं मी म्हणेन.

बघायचं ते हे:

- लाकडाचे गट. किमान दोन, जास्त असतील तर उत्तम. कोणतं लाकूड कोणत्या गटात, याचा तक्ता पुस्तिकेत हवाच. तक्ता नसेल तर गटांचा काही उपयोग नाही.
- बदलता येणाऱ्या पिना. कठीण लाकडात पिना वाकतात, कधी मोडतात. पिना कायमच्या बसवलेल्या असतील तर पिन मोडली की मीटर गेला.
- होल्डचं बटण. रचलेल्या थप्पीच्या मागे हात घालून मोजता, तेव्हा पडदा दिसत नाही. आकडा गोठवता यायला हवा.
- टोपणातली तपासणी. काही मीटरच्या टोपणात धातूचे ठिपके असतात. पिना त्यांना टेकवल्या की पुस्तिकेत दिलेला आकडा यायला हवा.
- तापमानाची सोय. असली तर छान, नसली तर दुरुस्ती हाताने करता येते. तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

स्वस्त मीटरमध्ये लाकडाखेरीज प्लास्टर, वीट, काँक्रीट अशाही सेटिंग असतात. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बटण चुकून दाबलं जातं, मीटर भिंतीच्या सेटिंगवर जातो आणि ओली फळी ‘सुकी’ दिसू लागते. मोजण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह बघायची सवय लावून घ्या.

६ ते ४० टक्के अशी मर्यादा लिहिलेली असते, तीही अर्धीच खरी धरा. ३० टक्क्यांच्या वर पिनांच्या मीटरचा आकडा म्हणजे फक्त ‘ओलं आहे’ एवढाच निरोप. खालच्या टोकाला अडचण वेगळी. डग्लस फर या लाकडाच्या प्रमाणित तक्त्यात २५ टक्के ओलाव्याला रोध अर्ध्या मेगाओमच्याही खाली आहे. ७ टक्क्यांना तो २२ हजार मेगाओमच्या वर जातो. एवढा प्रचंड रोध मोजणं स्वस्त सर्किटला झेपत नाही. म्हणून ८ टक्क्यांच्या खालचा आकडा, किंवा सरळ शून्य, दिसला तर त्याचा अर्थ ‘माझ्या आवाक्याबाहेर सुकं’ एवढाच घ्या.

## ४. मीटर हातात आला की आधी त्याचीच परीक्षा

माल परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका.

मीटर लाकडाच्या सेटिंगवर ठेवा. तापमान निवडता येत असेल तर २० अंश निवडा. १ मेगाओमच्या रेझिस्टरच्या दोन तारा दोन पिनांना लावा. तारा पिनांभोवती गुंडाळा किंवा छोट्या क्लिपांनी धरा, पण मोजताना बोट लावू नका. बोटांतूनही वीज वाहते आणि आकडा वर चढतो. आकडा वहीत लिहा. मग १० मेगाओमचा लावा. शेवटी दहाही रेझिस्टर एकापुढे एक जोडून १०० मेगाओमची माळ करा आणि ती मोजा.

मीटर डग्लस फरवर बेतलेला असेल तर १ मेगाओमला साधारण २२, १० मेगाओमला १६ आणि १०० मेगाओमला १२ च्या आसपास आकडे यायला हवेत. तुमचे आकडे वेगळे आले तर घाबरू नका. यंत्र दुसऱ्या लाकडावर बेतलेलं असू शकतं. युरोपातले बरेच मीटर तिथल्या पाइन किंवा स्प्रूसवर बेतलेले असतात. बघायचं ते वेगळंच आहे. तोच रेझिस्टर पुन्हा लावला, तासाभराने लावला, दुसऱ्या दिवशी लावला, तर आकडा तोच येतो का? अर्ध्या टक्क्याचा फरक चालेल. दोन टक्क्यांनी नाचत असेल तर मीटर परत करा, चर्चा नको.

हे रेझिस्टर एका छोट्या पाकिटात, आकडे लिहून, मीटरसोबतच ठेवा. पुढे कधी शंका आली की दोन मिनिटांत कळतं, फळी बदलली आहे की मीटर. सेल उतरला की आकडे हळूहळू सरकतात, तेही असंच पकडता येतं.

## ५. एकदा तरी ओव्हनची चाचणी करा

रेझिस्टर फक्त मीटरचं सातत्य सांगतात. तुमच्या लाकडाला मीटर किती चुकतो, हे सांगतं ते वजन. दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

१. फळीच्या टोकापासून किमान ३० सेंमी आतून, रेषेच्या (म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या) दिशेने अडीच सेंमी जाडीचा आडवा तुकडा कापा. गाठ नको, तडा नको.

२. तुकडा कापायच्या अगदी आधी त्याच जागेशेजारी मीटर लावून आकडा लिहून घ्या.

३. कापल्याबरोबर वजन करा. चहा पिऊन मग वजन, असं नको. लहान तुकडा पटकन वाळायला लागतो.

४. ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सियसला ठेवा. साधारण एक दिवस लागतो. अधूनमधून वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की झालं.

५. पहिल्या वजनातून शेवटचं वजा करा, उत्तराला शेवटच्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा.

समजा तुकडा आधी ११२.४ ग्रॅम होता आणि सुकल्यावर ९८.६ ग्रॅम भरला. फरक १३.८, त्याला ९८.६ ने भागलं की १४ टक्के. मीटरने त्या जागी १६ दाखवले असतील, तर या जातीच्या लाकडाला हा मीटर दोन टक्के जास्त दाखवतो. वहीत जातीचं नाव आणि पुढे ‘उणे २’. असे तीन-चार तुकडे केलेत की तुमचा मीटर त्या लाकडापुरता महागड्या मीटरच्या पंगतीला बसतो.

ओव्हनपाशी कोणीतरी असू द्या. तापमान १०३ च्या फार वर गेलं तर पाण्याबरोबर लाकडातले इतर पदार्थही उडतात आणि हिशेब बिघडतो. मायक्रोवेव्हने काम लवकर होतं, पण तुकडा आतून करपून धूर काढतो. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. आणि एक ग्रॅमच्या काट्यावर शंभर ग्रॅमचा तुकडा मोजलात तर काट्याचीच चूक एक टक्क्याची होईल, म्हणून ०.१ ग्रॅमचा काटा.

## ६. फळी मोजायची रीत

फळीचं टोक मोजू नका. टोकाकडून पाणी इतर पृष्ठांपेक्षा कित्येक पटींनी लवकर निघतं, त्यामुळे टोक नेहमीच सुकं लागतं. लाकूड घ्यायला गेल्यावर विकणारा मात्र हटकून टोकच पुढे करतो, कारण थप्पीतून तेवढंच बाहेर आलेलं असतं! थप्पीच्या मधली एक फळी ओढून काढायला सांगा. टोकापासून ३० सेंमी आत, मध्यावर आणि दुसऱ्या टोकाकडे असे किमान तीन आकडे घ्या. तिन्हींत तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती फळी अजून सुकते आहे.

पिना कशा लावायच्या, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक मीटरना दोन्ही पिना रेषेच्या दिशेने एकामागे एक हव्या असतात. १५ टक्क्यांच्या खाली दिशेने फारसा फरक पडत नाही, ओल्या लाकडात पडतो. पिना पूर्ण आत जाऊ द्या. वरच्या वर टेकवून आलेला आकडा फक्त पृष्ठभागाचा असतो.

आता खोलीचं. सुकत असलेली फळी बाहेरून सुकी आणि आतून ओली असते. जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढ्या खोलीवर मोजलं की साधारण सरासरी मिळते: २५ मिमीच्या फळीला ५ ते ६ मिमी, ५० मिमीच्या जाड तुकड्याला १० ते १२ मिमी. स्वस्त मीटरच्या पिना २५ मिमीच्या फळीला पुरतात, जाड लाकडाला अपुऱ्या पडतात. त्यावर सोपा उपाय आहे. न दिसणाऱ्या बाजूला, पिनांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढ्याच अंतरावर दोन बारीक खिळे हव्या त्या खोलीपर्यंत ठोका आणि मीटरच्या पिना खिळ्यांच्या डोक्यांना टेकवा. खिळा ज्या ज्या थरांतून गेला त्यांतल्या सगळ्यात ओल्या थराचा आकडा मीटर दाखवतो, आणि सुकत्या लाकडात तो थर आतलाच असतो. फक्त वरून पाणी पडलेलं असेल किंवा दंव धरलेलं असेल तर हा उपाय फसतो. तेव्हा तो ओला थर वरचाच असतो.

आणखी काही फसव्या जागा: बोरॅक्स किंवा तांब्याचे क्षार मुरवलेलं, वाळवीरोधक प्रक्रिया केलेलं लाकूड खऱ्यापेक्षा ओलं दाखवतं. प्लायवूडमध्ये डिंकाचे थर आकडा बिघडवतात, तिथे फक्त तुलना करा. जुन्या लाकडात मोडलेला खिळा दडलेला असला तर आकडा एकदम उसळतो.

तापमानही वजा करायचं असतं. बहुतेक मीटर २० अंशांच्या आसपासच्या लाकडासाठी बेतलेले असतात. लाकूड गरम असेल तर रोध कमी होतो आणि आकडा फुगतो, साधारण दर १० ते १२ अंशांना एक टक्का. लाकूड ३२ अंशांचं असेल तर एक टक्का वजा करा. उन्हात तापलेली फळी मोजू नका, सावलीत ठेवून मग मोजा. ही वजावट हवेच्या नव्हे, लाकडाच्या तापमानाप्रमाणे.

## ७. मग किती टक्क्यांना काम सुरू करायचं?

याचं एकच ठरलेलं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेत राहतं. नेहमीच्या तापमानाला हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ५० टक्के असेल तर ९, ६५ टक्के असेल तर १२ आणि ८० टक्के असेल तर १६. वस्तू जिथे राहणार तिथे हायग्रोमीटर ठेवा, वर्षभरात तो कुठून कुठे जातो ते लिहा आणि मधला आकडा धरा.

त्याहूनही सोपी युक्ती म्हणजे त्याच खोलीत वर्षानुवर्षं असलेलं, शक्यतो त्याच जातीचं फर्निचर शोधा आणि त्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला पिना लावा. जो आकडा येईल तो तुमचं लक्ष्य. इथे मीटर खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही. जुनं आणि नवं लाकूड एकाच मीटरने मोजलं, तर त्याची चूक दोन्हीकडे सारखीच. फक्त फार दमट किंवा फार कोरड्या दिवसांत घेतलेला आकडा वर्षभराचा म्हणून धरू नका.

नवी फळी लक्ष्याच्या दोन टक्क्यांच्या आत आली की कापायला घ्या. त्याहून ओली असेल तर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी रचा. एका फळीवर खडूने तारीख आणि वजन लिहून दर आठवड्याला तीच फळी तोला. वजन घटायचं थांबलं की त्या हवेत लाकूड जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. ‘जाडीच्या एका इंचाला एक वर्ष’ हा जुना ठोकताळा साध्या हवेत सुकणाऱ्या लाकडासाठी आहे आणि तो ठोकताळाच आहे. जात, वारा आणि हवेप्रमाणे त्यात बराच फरक पडतो.

एका जोडकामात जाणाऱ्या सगळ्या फळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं, हे लक्ष्य गाठण्याइतकंच महत्त्वाचं. सगळ्या ११ च्या असतील तर सगळ्या मिळून हलतील. एक १० ची आणि शेजारची १५ ची असेल तर भांडण ठरलेलं. चिकटवण्याआधी प्रत्येक फळीवर तिचा आकडा खडूने लिहून त्या शेजारी शेजारी मांडा. वेगळी पडणारी फळी लगेच दिसते. ती बाजूला काढा.

काम झालं की पिना कापडाने पुसा, चीक चिकटला असेल तर स्पिरिटने काढा, टोपण लावा. मीटर बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने खाल्लेले मीटर मोडलेल्या मीटरांपेक्षा कमी नसावेत.